सूतभर मामा आणि बिनखिडकीची गाडी

माझ्या मामाला लोक तोंडावर 'मिस्त्री' म्हणतात आणि पाठ वळली की 'सूतभर'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामाला आयुष्यात जे जे खटकलं ते याच मापाने खटकलं. दार सूतभर घासतंय, चहा सूतभर गोड झालाय, भाचा सूतभर आगाऊ आहे. मामीला पहिल्यांदा बघून आल्यावर म्हणे तो घरी म्हणाला होता, "मुलगी छान आहे, फक्त एक भुवई सूतभर वर आहे." मामीचं यावर एवढंच म्हणणं आहे की भुवई आधी जागेवर होती, ह्यांना बघून वर गेली.

मामा ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्या काळी ट्रक कंपनीकडून अर्धाच यायचा. इंजिन, लांबलचक नाक, चाकं आणि लोखंडी सांगाडा, बस्स. ड्रायव्हर त्यावर लाकडी खोकं ठेवून, डोळ्यांत धूळ घेत तो कारखान्यापर्यंत आणायचा. मग सुतार आणि पत्रेवाले मिळून त्याला केबिन, दारं, हौदा चढवायचे. पुढे कंपन्या केबिनसकट ट्रक विकायला लागल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. मामाच्या हातांना मात्र ते कुणी कळवलं नाही. ते चालूच राहिले. घरातले तेलाचे रिकामे डबे एकेक करून नाहीसे व्हायला लागले आणि मागच्या खोलीतून हातभर लांबीचे ट्रक बाहेर यायला लागले.

मोजमापाच्या पट्टीचं पोलाद कापून त्याचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, छत्रीच्या काड्यांचे दांडे, लाल पेनाच्या टोपणाचा मागचा दिवा. दारं उघडतात, काचा खाली होतात. आणि या गाड्या रिमोटवर चालतात, तेवढं खातं माझ्याकडे. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, त्यामुळे मोटर, बॅटरी, रिसीव्हर हे मामाच्या लेखी 'तुमचं वायरींचं काम', म्हणजे लग्नात बूट सांभाळण्याइतकं मोठं. वेगावर त्याचा कडक पहारा असतो. "खेळणं पळतं. ट्रक सुटतो," तो म्हणतो. "भरलेली गाडी कशी हळूच जागा सोडते, तशी सुटली पाहिजे."

लोक आपल्या किंवा आपल्या वडिलांच्या जुन्या ट्रकची प्रतिकृती करून घ्यायला येतात. मामाचा नियम एकच: आहे तशी. मूळ गाडीला पोचा असेल तर चमच्याच्या पाठीने पोचाही पाडायचा. एका गृहस्थाने विनंती केली की वडिलांचा ट्रक करा, पण तो पोचा तेवढा वगळा. मामा म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाच्या वडिलांचा घेऊन जा."

आणि एक पद्धत आहे, जी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. मामा नुसत्या फोटोवर काम करत नाही. तो गाडी चालवलेल्या माणसाला अंगणात स्टुलावर बसवतो, हातात डब्याचं मोठं झाकण देतो आणि म्हणतो, "चालवा." माणूस लाजतो, हसतो, मग चालवायला लागतो. पाय किती लांब जातो, कोपर कुठे टेकतं, मान किती वाकते, हे मामा बघत बसतो. "फोटोत पत्रा दिसतो. केबिन माणसाच्या अंगात असते."

हे सगळं सांगायचं कारण, त्या स्टुलावर एकदा एक म्हातारे ड्रायव्हर येऊन बसले.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून ते चालत आले होते. मी सहज म्हणालो, "काका, एवढ्या लांब पायी? रिक्षा करायची."

"मी गाडीत बसत नाही," ते म्हणाले. चहात साखर घेत नाही, हे सांगावं तसं.

त्यांच्याकडे एकच फोटो होता. त्यात ट्रकचं नाक, एक दिवा, आणि दारावर टेकलेलं कुणाचं तरी जाडजूड कोपर.

"हे तुम्ही?" मामाने विचारलं.

"नाही. हा आमचा क्लीनर. माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. सगळे त्याला पोतं म्हणायचे. अंगाने तसाच, आणि जिथे टाकाल तिथे झोपायचा. माल किती भरलाय विचारलं की हमाल सांगायचे, इतकी पोती आणि एक पोतं."

मामा हसला आणि त्याने झाकण पुढे केलं. काका लाजले नाहीत. ते बसले, पाय लांबवले आणि चालवायला लागले. गिअर बदलला की खांदा किंचित उडायचा. वळणावर आतला पाय ताठ व्हायचा. मी मोबाईलमध्ये शूट करत होतो, कारण उगाच सांगत नाही, ते स्टूल वळल्यासारखं वाटायला लागलं होतं. मग त्यांनी गाडी थांबवली. हाताचा ब्रेक ओढला. आणि मान मागे टेकवून, एक कान किंचित मागे करून, गप्प बसून राहिले.

बराच वेळ. मामी कपडे वाळत घालता घालता थांबली.

"काय झालं?" मामाने हळूच विचारलं.

"थापेची वाट बघतोय."

मग त्यांनी सांगितलं. त्या गाडीच्या केबिनला मागे खिडकी नव्हती, सगळी फळीच. पोत्याला केबिनमध्ये उकडायचं म्हणून तो मागे हौद्यात, मालावर, फळीला पाठ लावून बसायचा. ड्रायव्हरला मागचं काही दिसायचं नाही. म्हणून खूण ठरलेली. फळीवर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे बसलो, सोड. थापांच्या आधी आणखी एक गोष्ट कळायची. पोतं बाजूच्या पायरीवरून चढला की गाडी त्याच्या बाजूला जराशी दबायची. भरलेली असली तरी पाठीला कळायचं.

"त्या दिवशी सिमेंट होतं. चढावर इंजिन तापलं. धुकं असं की नाकावरचा दिवा मला दिसेना. तो उतरला, चाकामागे लाकडी ठोकळा लावला, पाणी घातलं. आरशात मागे जाताना त्याची पाठ दिसली, मग तीही गेली. मग दोन थापा पडल्या. इथे." त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या मागे बोट लावलं. "मी गाडी सोडली. चढ संपल्यावर थांबलो, हाक मारली. हौद्यात कुणी नव्हतं."

मामीने हातातली साडी परत बादलीत ठेवली.

"परत गेलो. ठोकळा रस्त्याच्या मधे पडलेला. पाण्याचा डबा कडेला नीट उभा. माणसं दरीत उतरली. काही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही. लोक म्हणाले, वर बसला असेल, झोप लागून पडला असेल. तसं असेल तर असू दे. पण मिस्त्री, गाडी दबली होती का, हे मला आठवत नाही. थापा ऐकल्या, तेवढं आठवतं. दबली नसेल तर तो चढलाच नव्हता. मग थापा कुणी मारल्या?"

ते झाकण त्यांनी मांडीवर ठेवलं. "तेव्हापासून कुठल्याच गाडीत बसवत नाही. बसलो की पाठ वाट बघते. तुम्ही गाडी करा. मला एकदा ती त्या चढावरून नीट काढायची आहे. त्याला घेऊन."

"आहे तशी करू," मामा म्हणाला. पण बोलताना त्याने काकांकडे पाहिलं नाही. "कुठल्या कारखान्यात बांधली होती?"

काकांनी कारखान्याचा पत्ता सांगितला. तो मामाचाच कारखाना होता. मामा "बरं" म्हणाला आणि आत जाऊन उगाच पाणी पिऊन आला.

आमच्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप होतं. आत काय आहे ते सरांनीही पाहिलेलं नव्हतं. तरी माझा विज्ञानावर विश्वास आहे, बहुधा त्या कुलपामुळेच. म्हणून पुढे जे झालं त्यातलं जेवढं समजावता येतं तेवढं मी समजावून सांगणार आहे. उरलेलं तुमचं तुम्ही बघा.

सांगाडा झाला, नाक झालं, केबिनची फळी बसली. मामाने खिळेसुद्धा मूळच्यासारखे, एक वर एक खाली असे मारले. मी मोटर जोडली, रिमोट चालू केला, दांडी पुढे ढकलली. गाडी ढिम्म. बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, दुसरा रिमोट आणला. ढिम्म. शेवटी वैतागून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने केबिनच्या मागच्या फळीवर दोनदा ठोकलं, जसे आपण सगळे टीव्हीला ठोकतो.

गाडी हळूच जागची सुटली.

मी दांडी सोडली नाही. ती टेबलाच्या कडेकडे निघाली तसं मी घाबरून हात आपटला, तो फळीवर एकदा बसला. गाडी थांबली. दांडी अजून पुढेच होती.

मामा कानस घासत होता. ती थांबली. "परत कर," तो म्हणाला.

दोन ठोके, चालू. एक ठोका, बंद. परत तसंच.

"सोल्डर कच्चं राहिलंय," मी म्हणालो. "धक्का बसला की जोड लागतो, परत बसला की सुटतो. माझ्या दुकानात रोज येतात असले."

"एकाने सुटतो आणि दोनाने लागतो?"

"मामा, वायरींचं काम माझं आहे ना?"

मी सगळे जोड उपसून नव्याने सोल्डर केले. त्यानंतर गाडी रिमोटवर शहाण्यासारखी चालायला लागली. मी मामाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी सूतभर मूर्ख आहे अशा नजरेने.

मग मामीचं सुरू झालं. एका दुपारी मी गेलो तर दोघं ओसरीत मटार सोलत बसलेली. मामी दाण्यांकडे बघतच म्हणाली, "भाचेबुवा, तुमचे मामा इथे आहेत ना?"

"आहेत की. समोर बसलेत."

"मग मागच्या खोलीत ठोकतंय कोण?"

आम्ही तिघांनी कान दिला. काही ऐकू आलं नाही. "पत्रा तापला की वाजतो," मी म्हणालो.

"वाजतो ना. मीही तेच म्हणते," मामी म्हणाली. "पण तापलेला पत्रा दोनदा वाजून, मग वाट बघत नाही."

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत जाताना दार वाजवून जायला लागली. स्वतःच्या घरात.

गाडी रंगवायची तेवढी राहिली होती. मी गेलो तेव्हा मामाने केबिन सुटी करून शिकंज्यात धरली होती आणि मागच्या फळीवर पेन्सिलीने चौकोन आखला होता. हातात बारीक करवत.

"हे काय?"

"खिडकी."

मी खालीच बसलो. ज्या माणसाने पोचा वगळायला नकार दिला, तो खिडकी घालत होता. "मामा, आहे तशी म्हणाला होतास."

"फळीला मागून आधार दे. चिरफळेल."

मी फळी धरली. तो कापता कापता बोलत राहिला, माझ्याशी कमी, फळीशी जास्त. "हा माणूस त्या वेळी कारखान्यात आला होता. तरुण होता, ओळखू येत नाही आता. म्हणाला, मिस्त्री, मागे वीतभर खिडकी ठेवा. मी नवा, तोंड मोठं. म्हटलं, मालाने काच फुटते. मागचं बघायला क्लीनर असतो की."

"त्यांना आठवतं हे?"

"त्याला कुठलं आठवतंय. मला आठवतंय."

"अरे, पण धुकं होतं. खिडकी असती तरी काय दिसलं असतं?"

मामाने भुसा फुंकला. चौकोनी तुकडा टपकन खाली पडला. "तो बसलेला दिसला नसता, तेवढं तरी दिसलं असतं," तो म्हणाला.

काकांना बोलावलं ती दुपार स्वच्छ उन्हाची होती. धुक्याचा मागमूस नाही, हे मुद्दाम सांगतो. अंगणात मामाने एक लांब फळी विटांवर टेकवून चढ केला होता. गाडी हिरवी, नाकाड, चाकांवर धूळसुद्धा रंगवलेली. काकांनी तिला हात लावायला बराच वेळ घेतला. मग समोरून, बाजूने, खालून पाहिली. मागे खिडकी दिसली तेव्हा बोट तिथे थांबलं.

"मिस्त्री, ही नव्हती."

"नव्हती," मामा म्हणाला. "असायला हवी होती."

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. काकांना काही आठवलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली, एवढंच.

मी रिमोट कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी गाडी चढावर मधोमध नेऊन थांबवली. मग पिशवीतून आगपेटीएवढा एक लाकडी ठोकळा काढून चाकामागे लावला. लाकूड जुनं, काळपट, एका बाजूला नुकतं कापलेलं.

"हा त्याच ठोकळ्यातून काढलाय," ते म्हणाले. "घरी ठेवला होता."

मी म्हणालो, "काका, आता ठोकळा काढू का मी? म्हणजे सोडता येईल."

"तुमचं काम नाही ते," काका म्हणाले. आणि मान मागे करून, एक कान वळवून स्टुलावर बसले.

आम्ही बसलो. मला हसू येत होतं, मग येईनासं झालं. कुंपणावरचा कावळा उडाला. मामी चहा घेऊन आली, तिने ट्रे खाली ठेवला आणि कप उचलायला आम्ही तिघांनी माना वळवल्या.

टक टक.

नखाने डब्यावर वाजवावं एवढाच आवाज. आधी मामीने कप सोडला. मी वळून पाहिलं. ठोकळा फळीवरून खाली, मातीत पडलेला. गाडी मात्र होती तिथेच उभी. उताराला लागली नाही, कारण मोटरचे दाते तिला धरून ठेवतात. ठोकळा वाऱ्याने पडला असेल. वारा नव्हता, पण असेल.

मामा गुडघ्यावर टेकला. खिशातली पट्टी काढून त्याने चाकापासून हौद्यापर्यंतची उंची मोजली, या बाजूची, मग त्या बाजूची. दोन्हीकडचे पाटे एकाच पट्टीचे, त्यानेच कापलेले. अंगठ्याने जोर लावून दाबले तरच दबायचे.

"क्लीनरच्या बाजूला," तो म्हणाला, आणि नेहमीचा शब्द त्याच्या तोंडून निघायला वेळ लागला, "सूतभर खाली आहे."

काकांचा अंगठा दांडीवर होता. तो पुढे गेला नाही.

"ड्रायव्हर," मामा म्हणाला, "खिडकी ठेवलीय. बघून घ्या."

काका स्टुलावरून उतरले, मातीत ओणवे झाले, गाल जवळजवळ फळीला लावला आणि पुढच्या काचेतून, केबिनमधून, मागच्या खिडकीतून पलीकडे पाहिलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. चहावर साय धरली होती.

"जागा आहेस ना रे?" ते हळूच म्हणाले. मग आमच्याकडे वळून, सहज, "बसलाय. मागे टेकून बसलाय."

त्यांनी दांडी पुढे केली. गाडी भरल्या ट्रकसारखी हळूच सुटली, चढ चढली, वरच्या सपाट जागेवर जाऊन उभी राहिली. दबलेली बाजू दबलेलीच. नंतर मीही वाकून पाहिलं. मला खिडकीतून कुंपणाची भिंत दिसली आणि मामीचा पाय. पण मी पुढून पाहायच्या ऐवजी मागून पाहत होतो, हे मामीने लक्षात आणून दिलं. पुढून बघायला मी परत वाकलो नाही. कंबर दुखत होती.

निघताना काकांनी गाडीचं खोकं छातीशी धरलं आणि मला म्हणाले, "भाचेबुवा, तुमची मोटरसायकल आहे ना? सोडा मला घरी."

मामीने मामाकडे पाहिलं. मामाने पट्टी खिशात ठेवली. कुणी काही बोललं नाही, बोललं असतं तर कदाचित ते परत चालत गेले असते.

मी गाडी काढली. काका मागे बसले, खोकं आमच्या दोघांच्या मधे, त्याभोवती त्यांचे दोन्ही हात. त्यांच्या दोन्ही मुठी मला माझ्या पाठीवर स्पष्ट टोचत होत्या. माझ्या गाडीला आरसे नाहीत. एक पडला, आणि दुसरा एकटा वाईट दिसतो म्हणून मीच काढला. किक मारली. इंजिन चालू झालं. तेवढ्यात मागचं चाक जरासं दबलं, कुणी चढल्यावर दबतं तसं. काका तर केव्हाच बसले होते.

मी पाय जमिनीवर ठेवून थांबलो. का थांबलो ते विचारू नका.

मग अगदी मागे, त्यांच्याही मागे, कॅरिअरच्या लोखंडावर दोन थापा पडल्या.

मी पहिला गिअर टाकला आणि मामा म्हणतो तशी, हळूच गाडी सोडली.